‘ड्रम’ची माणसे

आपल्याकडे दलित साहित्याची चर्चा सुरू झाली तेव्हापासून काळ्यांच्या साहित्याचे नाव घेतले जात आहे. डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि औरंगाबादच्या नागसेनवनात त्यांनी हा विषय आणला. पुढे प्रा. जनार्दन वाघमारे ह्यांनी अमेरिकन निग्रोंच्या साहित्य-संस्कृतीवर विस्ताराने लिहिले. १९७२ साली आपल्या तरुणांनी संघटनेला नावच ‘पँथर’ दिले. पण ही सगळी ओढ अमेरिकेकडे राहिली. दक्षिण आफ्रिका आपल्या पाठ्यपुस्तकांत आली ती गांधीजींना गाडीतून उतरवले त्या एका रात्रीपुरती. ज्या देशात वर्णभेद हा रूढीचा नव्हे तर थेट कायद्याचा विषय होता, तेथील काळी माणसे लिहिती कशी झाली, कोठे झाली, हे आपण फारसे विचारलेले नाही.

ती लिहिती झाली एका रंगीबेरंगी करमणुकीच्या मासिकात. हे ऐकून माझे विद्यार्थी हसतात. ‘ड्रम’ हे काही वैचारिक नियतकालिक नव्हते. मुखपृष्ठावर सुंदर तरुणी, आत मुष्टियुद्ध, जाझ, गुंडांच्या टोळ्यांच्या कथा, प्रेमाचा सल्ला देणारे सदर, पत्रमित्रांचे पान, आणि जाहिराती कशाच्या, तर पोस्टाने शिक्षण देणाऱ्या संस्थांच्या आणि कातडी उजळ करणाऱ्या मलमांच्या. काळ्यांच्या मासिकात गोरे होण्याचे मलम! अशा मासिकाकडे गंभीर समीक्षक नाक मुरडणारच. परंतु १९५१ ते १९५८ ह्या काळात ह्याच पानांवर सुमारे ९० लघुकथा छापल्या गेल्या, आणि दक्षिण आफ्रिकेतील काळ्यांचे इंग्रजी गद्य प्रौढ झाले ते येथेच. म्हणून ह्या मासिकात लिहिणारी, छायाचित्रे काढणारी माणसे कोण होती आणि ती तेथे का आली, एवढाच प्रश्न मी ह्या लेखापुरता घेतो.

मासिक निघाले मार्च १९५१ मध्ये केपटाउन येथे, ‘द आफ्रिकन ड्रम’ ह्या नावाने. संपादक होते बॉब क्रिस्प, गोरे पत्रकार आणि कसोटी क्रिकेटपटू. पैसा होता जिम बेली ह्यांचा. जिम बेली हे सोन्याच्या खाणींच्या धंद्यात अफाट संपत्ती मिळवलेल्या सर एब बेली ह्यांचे पुत्र. ऑक्सफर्डला शिकलेले, महायुद्धात विमान चालवलेले. म्हणजे ज्या खाणींत काळा मजूर कुटुंबापासून तोडून वसतिगृहात कोंडला जात होता, त्या खाणींच्या पैशातून काळ्यांचे मासिक उभे राहिले. सुरुवातीच्या अंकांत काय होते? टोळ्यांच्या सरदारांचा इतिहास, लोककथा, लोकसंगीत, टोळीजीवनाचे गुणगान. गोऱ्या माणसाला काळा माणूस जसा दिसावासा वाटत होता, तसा. अंक खपेना.

वर्ष संपण्याआधी मासिक जोहान्सबर्गला आले, ‘आफ्रिकन’ हा शब्द गळला, आणि बेलींनी आपले ऑक्सफर्डचे मित्र अँथनी सॅम्पसन ह्यांना बोलावून संपादक केले. (हेच सॅम्पसन पुढे नेल्सन मंडेलांचे अधिकृत चरित्रकार झाले.) वय पंचवीस, पत्रकारितेचा अनुभव नाही. पण त्यांनी एक शहाणपण केले. वाचकांना जाऊन विचारले. शहरातल्या काळ्या वाचकांनी स्वच्छ सांगितले की ह्या मासिकावर गोऱ्याचा हात दिसतो. सरदार आणि टोळ्या तुमच्याजवळ ठेवा, आम्हाला जाझ द्या, सिनेमा द्या, आमचे शहर द्या. मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडेही प्रस्थापित मासिकांतील ग्रामीण कथेत इमानी महार, भोळा मांग वर्षानुवर्षे जोहार घालीत उभा होता. तो खरा महार नव्हता. वाड्याच्या ओसरीवरून दिसणारा महार होता. जोहान्सबर्गच्या वाचकाने नकार दिला तो ह्या ओसरीवरून काढलेल्या चित्राला. आणि त्याने बदल्यात मागितले ते ‘उच्च साहित्य’ नव्हे, मौज मागितली. शोषिताने नेहमी शोषणाचेच वाचावे, अशी अपेक्षा धरणाऱ्या आपल्या काही मित्रांनी ह्याचा विचार करावा.

आता माणसांकडे वळू.

हेन्री न्क्सुमालो हे ‘ड्रम’चे पहिले काळे पत्रकार. १९१७ चा जन्म, नाताळ प्रांतातला. ‘बांटू वर्ल्ड’ ह्या पत्रात नोकरी केलेली, महायुद्धात सैन्यात जाऊन आलेले. मार्च १९५२ च्या अंकात बेथल परिसरातील बटाट्याच्या शेतांवरील मजुरांची कथा त्यांनी ‘मिस्टर ड्रम’ ह्या नावाने लिहिली. मजुरांना पोती नेसून राबावे लागे, रात्री कोंडून घातले जाई, मारहाण रोजची. त्यातील करार करण्याची रीत तर आपण ओळखीची म्हणून वाचावी. कराराचा मजकूर घाईघाईने घोळक्यासमोर वाचायचा आणि मग एकेकाने पेन्सिलीला बोट लावून पुढे जायचे. पेन्सिलीला बोट लागले की करार झाला! आपल्या आजोबा-पणजोबांनी सावकाराच्या कागदावर उठवलेला अंगठा आणि हे बोट ह्यांत अंतर समुद्राचे आहे, दुसरे कसलेही नाही.

१९५४ मध्ये न्क्सुमालोंनी मुद्दाम परवाना न बाळगता रात्री रस्त्यावर फिरून स्वतःला अटक करवून घेतली. जोहान्सबर्गच्या ‘फोर्ट’ नावाच्या तुरुंगात पाच दिवस काढले आणि बाहेर येऊन सगळे लिहिले. कैद्यांना झडतीसाठी नागवे करून उड्या मारीत, टाळ्या वाजवीत वळायला लावले जाई. त्या प्रकाराचे छायाचित्र बॉब गोसानी ह्या विशीतल्या काळ्या पोराने शेजारच्या इमारतीच्या छतावरून टिपले. सरकार पुरते हादरले. पुढे १९५९ च्या तुरुंग कायद्याने तुरुंगातील छायाचित्रे आणि ‘खोटी’ माहिती छापणे हाच गुन्हा ठरला. न्क्सुमालो मात्र तोपर्यंत हयात नव्हते. बेकायदा गर्भपाताच्या धंद्याचा शोध घेत असताना १९५७ साली त्यांचा भोसकून खून झाला.

कॅन थेम्बा हा ह्या सगळ्यांतला बुद्धीने तल्लख गडी. १९२४ साली प्रिटोरियाजवळच्या मराबास्ताड वस्तीत जन्मला, फोर्ट हेअर विद्यापीठात इंग्रजी घेऊन पहिल्या वर्गात पदवी मिळवली. शेक्सपिअर तोंडपाठ, आणि नोकरी शाळामास्तराची. १९५३ च्या ‘ड्रम’ कथास्पर्धेत त्याच्या कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मास्तर पत्रकार झाला. राहायला सोफियाटाउनमध्ये एक खोली. तिचे नाव त्याने ‘सत्याचे घर’ ठेवले होते. गोऱ्यांच्या चर्चमध्ये काळा ख्रिस्ती प्रार्थनेला गेला तर काय होते, हे पाहायला तो रविवारी एकेक चर्च गाठीत गेला. कोठे बसू दिले, कोठे धक्के मारून काढले. हे वाचताना १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह आठवल्याशिवाय राहत नाही. मात्र फरकही आहे. नाशिकला बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे होती आणि ती माणुसकीचा हक्क मागत होती. थेम्बा एकटा होता आणि काही मागत नव्हता. गोऱ्यांच्या बंधुभावाची तो परीक्षा घेत होता.

एझेकिएल म्फाहलेले हा थेम्बाच्याच मराबास्ताडचा. लहानपणी खेड्यात गुरे राखली. आई गोऱ्यांच्या घरी मोलकरीण. शहरात आल्यावर हा मुलगा गोऱ्यांच्या घरचे कपडे धुवायला आणायचा आणि धुतलेले पोचवायचा. शिकून शिक्षक झाला. पण काळ्यांना मुद्दाम निकृष्ट शिक्षण देण्याच्या सरकारी योजनेला त्याने विरोध केला, म्हणून १९५२ मध्ये त्याला शिकवण्याचीच बंदी झाली. १९५५ मध्ये तो ‘ड्रम’मध्ये कथाविभागाचा संपादक म्हणून आला. नोकरी करता करता १९५७ साली एम. ए. ची पदवी विशेष गुणवत्तेसह मिळवली. त्याच्या प्रबंधाचा विषय होता, दक्षिण आफ्रिकेच्या इंग्रजी कादंबरीतील गौरेतर पात्रे. म्हणजे ओसरीवरून काढलेल्या त्याच चित्रांचा अभ्यास! म्फाहलेले ‘ड्रम’वर कधीच खूष नव्हता. त्याला कसदार कथा हव्या होत्या, मालकांना चटकदार. मी ह्या सगळ्यांत त्यालाच जवळचा मानतो. एक कारण वैयक्तिक आहे. माझी आई ज्या घरी धुणीभांडी करी, तेथून जुने दिवाळी अंक रद्दी म्हणून आमच्याकडे येत आणि आम्ही भावंडे त्यांची पाने वह्यांना कव्हर म्हणून घालीत असू. साहित्याशी माझी पहिली भेट वहीच्या पाठीवर झाली. कपड्यांचे गाठोडे घेऊन गोऱ्यांच्या मागीलदारी उभा राहिलेला मुलगा प्रबंध लिहितो, तेव्हा तो काय लिहीत असतो हे मला समजावून घ्यावे लागत नाही.

टॉड मात्शिकिझा संगीतकार होता. समूहगीते रचणारा, पियानो वाजवणारा. जाझवर लिहिता लिहिता त्याने इंग्रजी वाक्याला असा ठेका दिला की त्या शैलीला सहकाऱ्यांनी त्याच्याच नावाने ओळखायला सुरुवात केली. १९५९ च्या ‘किंग काँग’ ह्या गाजलेल्या संगीतिकेचे संगीत त्याचे. ब्लोक मोडिसाने सोफियाटाउनचाच. आई घरात दारूचा चोरटा गुत्ता चालवीत असे. केसी मोत्सिसी हा थेम्बाचा शाळेतला विद्यार्थी. लुइस न्कोसी आणि नॅट नकासा ही दोघे डर्बनहून आलेली विशीतली पोरे.

छायाचित्रकारांची कथा तर आणखी वेगळी. युर्गेन शाडेबर्ग बर्लिनचा, नाझी राजवटीत बालपण गेलेला गोरा तरुण. १९५० मध्ये दक्षिण आफ्रिकेत आला. त्याच्या अंधारखोलीत गोसानीसारखी मुले तयार झाली. पीटर मगुबाने १९५४ मध्ये आला तो मोटारचालक आणि निरोप्या म्हणून. गाडी चालवता चालवता कॅमेरा शिकला. पोलिसांनी छायाचित्रे काढायला मनाई केली तेव्हा पाव आतून पोकळ करून त्यात कॅमेरा लपवला आणि खात असल्याचे सोंग करीत छायाचित्रे घेतली. पुढे १९६९ साली अटक झाल्यावर ५८६ दिवस एकांत कोठडी भोगली. १९९० नंतर तो मंडेलांचा अधिकृत छायाचित्रकार झाला. २०२४ च्या १ जानेवारीला वारला. अर्नेस्ट कोल १९५८ मध्ये शाडेबर्गचा मदतनीस म्हणून आला. सरकारी वर्गवारीत ‘काळा’ होता तो ‘मिश्रवर्णीय’ म्हणून नोंद बदलून घेण्यात यशस्वी झाला आणि त्यामुळे त्याला फिरणे सोपे झाले. खोटी जात सांगून भाड्याची खोली मिळवणारा आपला मनुष्य आणि हा, दोघेही एकाच शाळेत शिकलेले.

आणि रणजित कल्ली. डर्बनजवळच्या इसिपिंगोचा, १९२५ चा जन्म. त्याचे आजी-आजोबा हिंदुस्थानातून उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून नेलेले. रणजितने बूट तयार करण्याच्या कारखान्यात पंधरा वर्षे काम केले. जुन्या बाजारात सहा पेन्सला एक कॅमेरा घेतला आणि त्यावर हात बसवला. १९५६ मध्ये ‘ड्रम’च्या डर्बन कचेरीत तो नोकरीला लागला. करारावर नेलेले हे मजूर कोणत्या जातींचे होते, ते आपले समाजशास्त्रज्ञ क्वचितच विचारतात. मी जात ठरवून सांगत नाही. पण उसाच्या मळ्याचा नातू, चपलाबुटांचा कामगार, आणि मग ल्युथुलींची ऐतिहासिक छायाचित्रे काढणारा कलावंत, ही वाट आपल्या ओळखीची आहे.

इतकी वेगवेगळी माणसे एका कचेरीत आली कशी? ‘ड्रम’वर लिहिणारे गोरे लेखक ह्याचे श्रेय मालकाच्या उदारतेला आणि संपादकाच्या गुणग्राहकतेला देतात. ती होती, नाही असे नव्हे. परंतु माझ्या मते खरे कारण दुसरे आहे. वर्णभेदाच्या कायद्यांनी बाकीचे दरवाजे बंद केले होते. पहिल्या वर्गातल्या पदवीधराला त्या देशात मास्तरकीपलीकडे काय होते? १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने तीही नासवली. संगीतकाराला नाट्यगृह नाही, लेखकाला प्रकाशक नाही, मोटारचालकाला कॅमेऱ्याची शाळा नाही. वेगळ्या जगात ज्यांतला एक प्राध्यापक झाला असता, एक संगीतसंचालक, एक वकील, ते सगळे एका मासिकाच्या खोलीत कोंबले गेले. ही विविधता पाहून आनंद वाटतो खरा, पण ती तुंबलेल्या पाण्याची विविधता होती. त्यांना रात्री अकरानंतर परवान्यावाचून रस्त्यावर फिरता येत नव्हते, १९६२ पर्यंत कायद्याने दारू विकत घेता येत नव्हती, आणि ज्या सोफियाटाउनमध्ये ते राहत, ते १९५५ च्या फेब्रुवारीत दोन हजार पोलीस आणून रिकामे करायला सुरुवात झाली. ‘ड्रम’मधली ती हसरी, मस्तवाल, वेगवान भाषा ह्या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे.

ह्या यादीत स्त्री कोठे आहे? मुखपृष्ठावर आहे. मासिकात ‘डॉली’ नावाने प्रेमाचा सल्ला देणारे सदर येत असे आणि हजारो वाचक तिला पत्रे लिहीत; छायाचित्र गायिका डॉली राथेबे हिचे असे, पण उत्तरे लिहीत कचेरीतले पुरुष. काळी स्त्री काय विचार करते हे काळ्या पुरुषानेच तिच्या नावाने लिहून टाकले! बेसी हेड ही पुढे मोठी झालेली लेखिका ह्याच मालकांच्या ‘गोल्डन सिटी पोस्ट’मध्ये काही काळ पत्रकार होती, ‘ड्रम’च्या त्या गाजलेल्या कंपूत नव्हती. आपल्याला ह्यावर बोट ठेवण्याचा अधिकार थोडा जपूनच वापरावा लागेल. फलटणला किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून चोरून लिहिलेले बेबीताई कांबळे ह्यांचे ‘जिणं आमुचं’ १९८२ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाले, ते किर्लोस्करांच्या ‘स्त्री’ मासिकात. आपल्या चळवळीतील नियतकालिके तेव्हा भरात होती.

मालकी आणि निर्णय ह्यांचा प्रश्न शेवटी उभा राहिलाच. १९५७ मध्ये अ‍ॅल्थिया गिब्सन ही काळी अमेरिकन खेळाडू विम्बल्डन जिंकली. सॅम्पसननंतर आलेले संपादक सिल्व्हेस्टर स्टाइन ह्यांना, गिब्सन आणि तिची गोरी प्रतिस्पर्धी एकमेकींचे चुंबन घेत आहेत, असे छायाचित्र मुखपृष्ठावर घ्यायचे होते. बेलींनी नकार दिला. स्टाइन राजीनामा देऊन निघून गेले. तुरुंगातले नागवे कैदी छापण्याचे धाडस ज्या मासिकाने केले, ते एका गालावरच्या चुंबनाला भ्याले. कैद्याची विटंबना छापली तर गोरा वाचक हळहळतो. बरोबरी छापली तर चवताळतो. १९५८ नंतर टॉम हॉपकिन्सन संपादक असताना कथा छापणेच बंद झाले. ज्यांनी ह्या कथा लिहिल्या, वाचल्या, निवडल्या, त्यांना ह्यात मत नव्हते.

येथे मला ‘मूकनायक’ आठवते. ३१ जानेवारी १९२० ला निघालेल्या त्या पत्रालाही पैसा शाहू महाराजांनी दिला होता, अडीच हजार रुपये. पण लेखणी कोणी धरायची आणि काय लिहायचे हे छत्रपतींनी ठरवले नाही. ‘बहिष्कृत भारता’चे रकाने तर बाबासाहेबांना एकट्याने भरावे लागत. तेथे लेखकांची विविधता नव्हती, मासिकाचा थाट नव्हता, जाहिराती नव्हत्या. पत्र चालवणे अवघड होते, पण बंद पडले तरी ते आपलेच पत्र बंद पडत होते.

लुइस न्कोसीने पुढे परदेशातून आपल्याच पिढीवर टीका केली, की काळे कथाकार बातमीलाच कथेचा अंगरखा चढवून उभी करतात. दलित आत्मकथनांवर असाच आरोप आपण पुष्कळदा ऐकला आहे, फरक इतका की येथे तो बाहेरून झाला. न्कोसीच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही ज्या लेखकाला पहाटेपर्यंत पोलीस चुकवून सकाळी मजकूर द्यायचा आहे, त्याच्या कथेला बातमीचा वास येणारच, हे त्याला स्वतःला ठाऊक असायला हवे होते.

मग पांगापांग झाली. म्फाहलेले १९५७ मध्ये नायजेरियाला गेला, मोडिसाने १९५९ मध्ये देश सोडून गेला, मात्शिकिझा १९६० मध्ये लंडनला. १९६८ मध्ये तो झांबियात वारला. न्कोसी आणि नकासा ह्या दोघांना अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठात पत्रकारितेची शिष्यवृत्ती मिळाली. सरकारने पासपोर्ट नाकारला आणि परत न येण्याच्या अटीवर जाऊ दिले. नकासा १९६५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये इमारतीवरून पडून मेला. वय अठ्ठावीस. त्याच्या अस्थी मायदेशी आल्या २०१४ साली. थेम्बा स्वाझीलँडमध्ये पुन्हा मास्तर झाला आणि दारूने लवकर संपला. १९६६ मध्ये सरकारने थेम्बा, म्फाहलेले, मात्शिकिझा, मोडिसाने, न्कोसी ह्यांच्या लेखनावर बंदी घातली. त्यांचे एक वाक्यही देशात छापता किंवा उद्धृत करता येईना. ‘ड्रम’ मात्र चालू राहिले. १९८४ मध्ये बेलींनी ते ‘नॅशनाले पर्स’ला विकले. ही प्रकाशनसंस्था वर्णभेद राबवणाऱ्या नॅशनल पक्षाच्या वर्तुळातली. छायाचित्रांचा संग्रह बेलींकडे राहिला.

थेम्बाचे लेखन पुस्तकरूपाने १९७२ साली लंडनमध्ये निघाले. चार वर्षांनी, जून १९७६ मध्ये, सोवेटोतील शाळकरी मुले लादलेल्या भाषेविरुद्ध रस्त्यावर आली, तेव्हा त्यांच्यातल्या कोणालाही ते पुस्तक आपल्या देशात उघडपणे विकत घेता येत नव्हते.